लॅमिंग्टन रोडचे ट्यूबवाले काका: जुन्या गेम मशीनची पिक्चर ट्यूब बदलणार असाल तर हे वाचा

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो वेळेसाठी, कामात काढायला काही जागाच नाही. ज्यांच्याकडे पार्लरमधलं जुनं गेमचं मशीन आहे आणि ट्यूब बदलल्यावर चित्र धड येत नाहीये त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण हे काम समजणारी माणसं मुंबईत आता शोधावी लागतात, आणि नको त्या हातात गेलं की चांगली ट्यूब "डेड आहे" म्हणून भंगारात जाते. माझी अगदी तिथपर्यंत पोचली होती.

दुकान ग्रँट रोड स्टेशनच्या ईस्टला, लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, पहिला मजला, पाटी नाही. खाली कॅमेरे, केबल, लॅपटॉपचे पार्ट विकणारे बसतात त्यांच्यापैकी कोणालाही विचारा की ट्यूबवाले काका कुठे बसतात, हात करून जिना दाखवतात. वर एक लांबट खोली, भिंतीला टेकून टीव्हीचे चॅसिस, म्हणजे आतले सर्किटचे सांगाडे, उभे, एक टेबल, टेबलावर सिरीज बल्बचा बोर्ड (शॉर्ट असेल तर करंट अडवणारा) आणि मीटर. काका सत्तरीच्या पुढचे असतील, हाताखाली एक पोरगा आहे. बोलणं कमी. पण विचारलं तर नीट समजावून सांगतात, उडवून लावत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझं मशीन परळच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधलं. लाकडी बॉडी, दोन जॉयस्टिक, आत १९९३ सालचा कॅपकॉमचा गेम, कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, जो आपल्याकडे सगळ्यांना मुस्तफा म्हणूनच माहितीये. बोर्ड ठणठणीत, आवाज ठणठणीत, पण २१ इंची ट्यूब पार थकलेली. चालू केल्यावर बराच वेळ काळपट दिसायचं, मग हळूहळू उजळायचं, पांढऱ्या रंगाला पिवळट झाक, आणि "इन्सर्ट कॉइन" ही अक्षरं मशीन बंद असतानाही काचेत दिसायची इतका फॉस्फर, म्हणजे पडद्याचा आतला चमकणारा थर, जळलेला. जळलेल्या फॉस्फरला इलाज नाही. कमी झालेल्या एमिशनला, म्हणजे ट्यूबमध्ये कमी निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला, जुने मेकॅनिक एक जुगाड करायचे, फ्लायबॅकच्या (हजारो व्होल्ट बनवणारा ट्रान्सफॉर्मर) कोअरवर वायरचे एकदोन जादा वेढे मारून हीटरचं व्होल्टेज वाढवायचे म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड जास्त तापून अजून काही महिने ढकलतो. माझ्या मशीनमध्ये ते वेढे पण मारलेले होते. म्हणजे ट्यूबचं शेवटचं आयुष्य पार्लरमध्येच वापरून झालेलं.

टीव्हीच्या नव्या पिक्चर ट्यूब बनणं केव्हाच बंद झालंय. आपल्याकडे सॅमटेल, जेसीटी अशा कंपन्या बनवायच्या, तेही संपलं. त्यामुळे आता "नवी ट्यूब" म्हणजे कोणाच्या तरी घरातल्या जुन्या टीव्हीतून काढलेली ट्यूब, एवढाच अर्थ आहे. मी एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडून घेतली, दोन हजाराला, मानेवर बसून इलेक्ट्रॉनचा बीम वळवणाऱ्या योक कॉईलसकट. लेबलवर नंबर ए५१ ने सुरू होतो, तो ५१ म्हणजे दिसणाऱ्या पडद्याची तिरकी लांबी सेंटिमीटरमध्ये, म्हणजे आपली २१ इंची. मान जाड, २९ मिलीमीटरवाली, जुन्या ट्यूबसारखीच. दुसरी एक बारीक मानेची येते साडेबावीस मिलीमीटरची, तिला मागचा सॉकेटच बसत नाही, तर घेताना हे बघून घ्या.

मग आमच्या भागातल्या एका टीव्ही मेकॅनिकने ती बसवली. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, पण गेम मशीन त्याचा प्रांत नाही. चालू केल्यावर चित्र आलं पण कसं, तर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या, उभं बरोबर आणि आडवं आखडलेलं. उजेड कमी म्हणून त्याने फ्लायबॅकवरचा स्क्रीनचा पॉट, म्हणजे उजेडाची फिरवायची खुंटी, फिरवला तर सगळ्या चित्रावर बारीक तिरक्या पांढऱ्या रेषा आल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा डाग, वर उजवीकडे जांभळट. आणि मधूनच मागून चर्र असा आवाज यायचा आणि गेम आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्याने दिसेल तो पॉट फिरवून बघितला, ट्यूबच्या मानेवरच्या मॅग्नेटच्या रिंगा फिरवल्या, आणि शेवटी सांगितलं ट्यूब डेड आहे, दुसरी आणा.

तर हे सगळं लटांबर घेऊन काकांकडे. टॅक्सीच्या मागच्या सीटवर गादी टाकून ट्यूब पडद्याच्या बाजूने पालथी ठेवलेली, जुनी ट्यूबही तशीच, चॅसिस आणि बोर्ड मांडीवर. जुनी ट्यूब घेऊन या असं काकांनी आधीच सांगितलं होतं आणि ते का ते लगेच कळलं.

त्यांनी पहिल्यांदा काहीच चालू केलं नाही. बॅटरी घेऊन मानेच्या आत उजेड मारला. तिथे काचेला आतून चंदेरी आरशासारखा डाग असतो, गेटर म्हणतात, ट्यूबच्या आतली उरलीसुरली हवा शोषायला ठेवलेला. "हा चंदेरी आहे तोवर ट्यूब जिवंत. दुधासारखा पांढरा झाला की हवा शिरली, मग ती उचलून ठेवायची." माझा चकचकीत होता. मग टेस्टर लावून तिन्ही रंगांच्या गन (इलेक्ट्रॉन सोडणारे भाग) बघितल्या, हिरवी निळी छान, लाल थोडी कमी पण चांगल्यातच. लाल गनला जास्त करंट ओढावा लागतो त्यामुळे वापरलेल्या ट्यूबमध्ये तीच आधी थकते असं त्यांनी सांगितलं. म्हणजे जी ट्यूब डेड ठरली होती ती पाच मिनिटांत चांगली निघाली, आणि हे कळायला एकही पॉट फिरवावा लागला नाही.

मग दोन्ही ट्यूब शेजारी शेजारी ठेवून नुसतं बघत बसले थोडा वेळ. आणि बोट दाखवलं. जुन्या ट्यूबच्या पाठीवरून एक उघडी विणलेली तार जाते, स्प्रिंगने ताणलेली, काळ्या रंगाच्या थराला घासून. ती तार जुन्या ट्यूबवरच राहिली होती. नव्यावर नव्हतीच. आता हे साधं वाटतं पण यातच तो चर्र आवाज आणि गेम रिसेट होण्याचं कारण होतं. ट्यूबच्या बाहेरचा काळा थर ग्रॅफाइटचा असतो, आतूनही वाहक थर असतो, मध्ये काच, म्हणजे हा एक मोठा कपॅसिटर झाला, आतल्या बाजूला वीस पंचवीस हजार व्होल्ट. बाहेरच्या थराला ही तार ग्राउंड देते, मागच्या छोट्या बोर्डवर जोडली जाते. तार नसेल तर चार्ज स्वतःची वाट शोधतो, ठिणग्या पडतात, आणि त्या धक्क्याने गेमचा बोर्ड गोंधळतो. बोर्ड उडाला नाही हे नशीब. मुस्तफाचा चांगला बोर्ड आता सहजासहजी मिळत नाही.

तार नव्या ट्यूबवर चढवली, अॅनोडची, म्हणजे हजारो व्होल्ट ट्यूबमध्ये जातात त्या जागेची, रबरी टोपी काढून खालची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. टोपीखाली ओल आणि धूळ मिळून काळा चिखल झाला होता, आपल्या मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत हे होणारच, तिथूनही सूं सूं आवाज येतो. टोपी काढायच्या आधी डिस्चार्ज कसा केला ते सांगतो कारण लोक इथे जीवाशी खेळतात: इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, त्याला वायरची क्लिप, क्लिपचं दुसरं टोक त्या विणलेल्या तारेला, चॅसिसला नाही. एका हाताने, दुसरा हात पाठीमागे. एकदा केला, थोडं थांबून परत केला, कारण काचेत राहिलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी कृपया घरी करू नका, काकांना पैसे द्या.

आता मुख्य भानगड, ती आखडलेल्या चित्राची. नव्या ट्यूबबरोबर टीव्हीची योक कॉईल आली होती आणि प्लग बसला म्हणून मेकॅनिकने तीच लावली. काकांनी दोन्ही योक मीटरला लावून मोजल्या. आडव्या कॉईलचं इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला कॉईल करते तो विरोध, जुन्या योकचं साधारण सव्वा मिलिहेन्री, टीव्हीवाल्या योकचं दोनच्या वर. इंडक्टन्स वाढलं की तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी वाहतो, करंट कमी म्हणजे बीम बाजूला कमी ढकलला जातो, म्हणून काळ्या पट्ट्या. एवढ्यावर थांबत नाही. आडवी कॉईल आणि फ्लायबॅक मिळून एक ट्यून केलेलं सर्किट आहे, योक बदलली की त्याचं ट्यूनिंगच हलतं, पल्स बुटका होतो, आणि हीटरचं व्होल्टेज त्याच फ्लायबॅकवरून येत असल्यामुळे तेही पडतं. म्हणजे कमी उजेड आणि आखडलेलं चित्र हे दोन वेगळे आजार नव्हते, बरंचसं मूळ एकच होतं. आणि उलटं झालं असतं, कमी इंडक्टन्सची योक लागली असती, तर करंट वाढून आऊटपुट ट्रान्झिस्टर गेला असता, कदाचित फ्लायबॅकही. उभ्या कॉईलचं तेवढं नाजूक नसतं, तिथे रेझिस्टन्स बघतात आणि गरज पडली तर दोन अर्ध्या कॉईल सिरीजऐवजी पॅरलल जोडून जमवता येतं. आडव्याला असं चालत नाही. म्हणून जुनी योक टाकून देऊ नका, कधीच नाही, मशीन विकताना सुद्धा ती बरोबर द्या.

जुनी योक नव्या ट्यूबवर चढवली, मानेची जाडी तीच, कोनही तोच, ९० डिग्री, म्हणून चढली. चॅसिस आधी सिरीज बल्बवर चालू केलं, बल्ब एकदा झगमगून मंद झाला म्हणजे कुठे शॉर्ट नाही, मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून, म्हणजे मेनपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, पूर्ण सप्लाय. या ट्रान्सफॉर्मरवर काका अजिबात तडजोड करत नाहीत. अशा चॅसिसचं ग्राउंड मेनशी जोडलेलं असतं, ते गेम बोर्डच्या ग्राउंडला थेट लागलं की एका क्षणात दोन्हीकडचं नुकसान, आणि जॉयस्टिकचं पॅनल धातूचं असेल तर खेळणाऱ्या पोराला शॉक. तुमच्या मशीनमध्ये तो ट्रान्सफॉर्मर आहे का हे आज बघा.

चित्र आलं, पूर्ण रुंदीचं. पण हीटर मोजला तर पाच पॉइंट सात. हवा सहा पॉइंट तीन. साधं मीटर इथे काहीही दाखवतं कारण हे सरळ एसी नाही, सेकंदाला पंधरा हजारांवर पल्स असतात, त्यासाठी खरं आरएमएस मोजणारं आणि तेवढ्या फ्रिक्वेन्सीला चालणारं मीटर लागतं, ते काकांकडे आहे. मागच्या बोर्डवर हीटरच्या पिनेभोवती भिंगातून बघायला लावलं मला, सोल्डरमध्ये केसासारखी गोल चीर, ड्राय सोल्डर. परत सोल्डर केल्यावर सहा पॉइंट दोन. ते जादा मारलेले वेढे त्यांनी मोजायच्या आधीच काढून टाकले होते, चांगल्या ट्यूबला ते लावून तिचं आयुष्य का कमी करायचं. मग स्क्रीनचा पॉट खाली घेतला, रेषा गेल्या, फोकस लावला. मुस्तफाच्या डोक्यावरची टोपी पहिल्यांदा नीट कडेसकट दिसली.

मग राहिले रंगाचे डाग, आणि इथे मी तिथे बसून जे बघितलं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. योक आणि ट्यूब फॅक्टरीत एकमेकांना जुळवलेली असतात, ही जोडी आता नवीन, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. आधी गोल डिगॉसिंग कॉईल, म्हणजे ट्यूबमध्ये भरलेलं मॅग्नेट काढणारी, हातात घेऊन पडद्यासमोर सावकाश गोल गोल फिरवली, आख्खा पडदा इंद्रधनुष्यासारखा उसळला, आणि मग तशीच फिरवत फिरवत मागे मागे खोलीच्या दारापर्यंत जाऊन तिथे बंद केली, जवळ बंद केली तर उलट मॅग्नेट भरतं. मग हिरवी आणि निळी गन बंद, फक्त लाल. योक सैल करून मागे सरकवली, मानेवरच्या दोन रिंगांनी लाल डाग बरोबर मधोमध आणला, योक हळूहळू पुढे, पुढे, आणि एका जागी सगळा पडदा काठोकाठ एकसारखा लाल झाला. तिथे योक घट्ट. मग पांढऱ्या रेषांची जाळी लावून पुढच्या रिंगांनी लाल आणि निळी रेघ एकावर एक, त्यापुढच्या रिंगांनी ती जोडी हिरवीवर. मधलं जुळलं की कोपरे, ते योक अगदी किंचित वरखाली, डावीउजवीकडे कलवून, आणि कललेली जागा रबराच्या पाचरींनी धरून ठेवायची. माझ्या जुन्या पाचरी दगड झालेल्या, त्यांनी डब्यातून मऊ काढल्या. शेवटी रिंगांवर रंगाचा ठिपका, हलू नयेत म्हणून.

हे सगळं करताना काकांचं डोकं आरशात होतं, ट्यूबच्या समोर आरसा उभा केलेला, म्हणजे हात मागे आणि नजर पडद्यावर. घाई नाही. एक कोपरा सुधारला की दुसरा थोडा बिघडतो, मग परत. वरचा उजवा कोपरा अजूनही अगदी बारीक सुटलेला आहे, जवळ जाऊन बघितलं तरच कळतं, आणि त्यांनी ते स्वतःहून मला दाखवलं, लपवलं नाही.

बरेच जण सांगतात की एवढं कशाला, एलसीडी लाव. काका पण लावून देतात, ज्याला हवं त्याला, आणि त्यात वाईट काही नाही. पण हा गेम ३८४ बाय २२४ मध्ये काढलेला आहे, ट्यूबवर रेषांच्या मधल्या फटी आणि रंगांची कड जशी एकमेकांत मिसळते त्याच हिशोबाने चित्रकारांनी ती चित्रं रंगवली. एलसीडीवर ते ताणून चौकोन चौकोन दिसतं, आणि स्वस्त कन्व्हर्टर असेल तर बटण दाबल्यावर उडी उशिरा. ज्याने रुपया रुपया टाकून हा गेम खेळलाय त्याच्या हाताला ते लगेच जाणवतं. मला ट्यूबच हवी होती आणि माझ्यासाठी हे पैसे योग्य जागी गेले.

पैसे साडेचार हजार, पाचरी, सोल्डरिंग, टेस्टिंग सगळं धरून. काम सांगायच्या आधी मोजणीचे पाचशे वेगळे घेतात, काम केलं तर त्यातच धरतात. मला हे पटलं, कारण मोजणीच खरं काम आहे. पोरगा घरी येऊन कॅबिनेटमध्ये बसवून गेला, कॅबिनेटची जागा आणि दिशा बदलली की पृथ्वीच्या मॅग्नेटिक फील्डने रंग परत थोडे हलतात, म्हणून जाग्यावर एकदा डिगॉस करावं लागतं. त्याचे वेगळे घेतले नाहीत, टॅक्सीभाडं मी दिलं. मशीनमधला स्पीकर ट्यूबला अगदी चिकटून होता, तोही त्याने खाली सरकवायला लावला.

आता अर्धा स्टार. वेळ खूप लागतो, सांगितलेल्या तारखेला काम होत नाही, आठवडे जातात, आणि फोन पोरगाच उचलतो, तो दुकानात असेल तर. टेबलावर एका वेळी एकच काम असतं हे कारण मला मान्य आहे पण "अजून हात लावला नाही" एवढं कळवलं तरी पुरे, ते कळवत नाहीत. जिना अरुंद आहे, वजनदार ट्यूब एकट्याने नेऊ नका, बरोबर कोणी घ्या, पडदा छातीशी धरून, मानेला हात लावू नका. गॅरंटी तोंडी आहे, सेटिंग हललं तर परत करून देतो म्हणाले, वापरलेल्या ट्यूबच्या आयुष्याची गॅरंटी देत नाहीत आणि ती कोणी देऊच शकत नाही.

जाणार असाल तर दोन्ही ट्यूब, दोन्ही योक, चॅसिस, गेम बोर्ड आणि त्याचा पॉवर सप्लाय सगळं न्या, आख्खं कॅबिनेट नको. नुसती नवी ट्यूब घेऊन गेलात तर परत पाठवतात. जुनी ट्यूब मागाहून भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, तिच्या काचेत शिसं असतं, काकांकडेच ठेवली तर ते ई-वेस्टवाल्याला देतात. रविवारी बंद, दुपारी दीड ते तीन जेवायची सुट्टी, आणि सकाळी लवकर गेलात तर काका निवांत बोलतात.